काळ्या-पांढऱ्याचे मर्म जाणणारे दादासाहेब

संगणकाच्या पडद्यावर एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र घ्यायचे, त्यातील रंग काढून टाकायचे, मग 'थ्रेशोल्ड' नावाची पट्टी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे सरकवायची. पाहता पाहता चेहऱ्यावरच्या साऱ्या मधल्या छटा नाहीशा होतात. गालावरची मऊ सावली एक तर काळी होते, नाही तर पांढरी. उरतो तो केवळ शाई आणि कागद यांचा खेळ. नागपूरलगतच्या हिंगण्यातील फ्लेक्सच्या दुकानात असो की मुंबईतील जाहिरात संस्थेत, हे काम आता काही सेकंदांचे झाले आहे. टी-शर्टावरचे, भिंतीवरचे, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरचे असे ठसठशीत चेहरे आपण रोज पाहतो.

या पट्टीमागे जे शास्त्र दडलेले आहे, ते मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. छायाचित्राचे छापील चित्र करायचे तर त्यातील करड्या छटांचे काय करायचे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या मुद्रकांना पडला होता. तो प्रश्न हातात जस्ताचा पत्रा आणि आम्लाचे भांडे घेऊन सोडविणाऱ्या मोजक्या भारतीयांत एका मराठी माणसाचा समावेश होता. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून अवघा देश त्यांना ओळखतो. परंतु वयाच्या चाळिशीपर्यंत हे गृहस्थ चित्रपटकार नव्हते. छायाचित्रकार आणि ब्लॉक तयार करणारे कारागीर होते, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीच्या प्रकाशात झाकोळून गेली आहे.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घरात पौरोहित्याची आणि शास्त्राध्ययनाची परंपरा. मुलानेही तीच वाट धरावी, असे वातावरण होते. मात्र धुंडिराजांचा ओढा लहानपणापासून चित्रे काढण्याकडे, नाटकाकडे आणि जादूच्या खेळांकडे होता. दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले, कुटुंब मुंबईला आले आणि १८८५ साली धुंडिराजांना सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेता आला. पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासोबत ते बडोद्याला गेले.

बडोदे हे त्या काळी केवळ एक संस्थान नव्हते. सयाजीराव गायकवाड यांनी तेथे १८९० साली कलाभवन सुरू केले होते. कला आणि उद्योग यांची सांगड घालणारी ही संस्था होती. रंगकाम, यंत्रविद्या, वास्तुरचना, छपाई अशा विषयांना तेथे स्थान होते. तिचे प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. फाळके यांनी बडोद्यात तैलरंग आणि जलरंगांतील चित्रकलेचे शिक्षण पूर्ण केले. वास्तुरचना आणि प्रतिमानिर्मितीचेही धडे घेतले. १८९० च्या सुमारास त्यांनी एक छायाचित्र कॅमेरा विकत घेतला आणि त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी सादर केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर एका चाहत्याने त्यांना भारी किमतीचा कॅमेरा भेट दिला, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे.

गज्जरांनी या विद्यार्थ्यातील चिकाटी हेरली होती. त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठविले. तेथे बाबूलाल वरुवळकर यांच्या हाताखाली त्यांनी तीनरंगी ब्लॉक, फोटो-लिथोचे ट्रान्सफर आणि डार्करूममधील छपाई यांचे शिक्षण घेतले. परतल्यावर गज्जरांनी कलाभवनातील स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. १८९३ साली तेथेच त्यांनी 'फाळकेज एन्ग्रेव्हिंग अँड फोटो प्रिंटिंग' या नावाने काम सुरू केले.

करड्या रंगाचे कोडे

फाळके जे शिकून आले, त्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या छापखान्यात डोकावायला हवे. खिळ्यांच्या छपाईत शाई एक तर कागदावर उमटते किंवा उमटत नाही. थोडीशी शाई, अर्धी शाई असा प्रकार तेथे नसतो. अक्षरांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. छायाचित्र मात्र करड्या छटांनीच बनलेले असते. कपाळावरचा उजेड, नाकाच्या बाजूची सावली, हनुवटीखालचा काळोख यांच्यामधील असंख्य पायऱ्यांतून चेहरा ओळखू येतो. म्हणूनच छायाचित्रणाचा शोध लागून कित्येक वर्षे उलटली, तरी वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापता येत नव्हती. कारागीर छायाचित्र समोर ठेवून लाकडावर ते हाताने कोरीत आणि त्या ठोकळ्यावरून छपाई होई. चेहरा किती जुळेल, हे कोरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला लाइन ब्लॉकचा. मूळ चित्र ठळक काळ्या-पांढऱ्यात असले, की त्याची तीव्र निगेटिव्ह काढायची. जस्ताच्या पत्र्यावर प्रकाशाने कडक होणारे रसायन चढवायचे. निगेटिव्हमधून प्रकाश जाईल तेथे ते रसायन पत्र्याला घट्ट धरून राहते, उरलेले धुऊन निघते. मग पत्रा आम्लात सोडला, की उघडा भाग खाल्ला जातो आणि रेषा उठून राहतात. उठावावर शाई लागते, खळग्यात लागत नाही. संगणकावरील थ्रेशोल्डची पट्टी जे करते, त्याचाच हा रासायनिक अवतार होता. ठरावीक मर्यादेच्या अलीकडचे सारे काळे, पलीकडचे सारे पांढरे.

दुसरा मार्ग अधिक चतुर होता. तो हाफटोनचा. म्युनिकच्या गेऑर्ग माइसेनबाख यांनी १८८२ साली त्याचे पेटंट घेतले. काचेवर अतिशय बारीक उभ्या-आडव्या रेषांची जाळी आखायची आणि त्या जाळीतून छायाचित्राचे पुन्हा छायाचित्र घ्यायचे. जाळीतून येताना प्रकाशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक छटेचे रूपांतर लहानमोठ्या ठिपक्यांत होते. अंधाऱ्या भागात ठिपके मोठे होऊन एकमेकांना चिकटतात. उजळ भागात ते टाचणीच्या टोकाएवढे उरतात. कागदावर शाई काळीच असते, परंतु पाहणाऱ्याच्या डोळ्याला करडा रंग दिसतो. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदासाठी इंचाला ६० ते ६५ रेषांची जाडी जाळी, तर गुळगुळीत आर्ट पेपरसाठी १३३ किंवा १५० रेषांची बारीक जाळी वापरली जाई. जाळी आणि काच यांच्यातील अंतर, प्रकाश किती वेळ द्यायचा, आम्लात पत्रा किती ठेवायचा, यांतील एकही हिशेब चुकला, तर चेहऱ्याचा चिखल होत असे.

कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी याच काळात हाफटोनवर स्वतंत्र संशोधन करीत होते आणि त्यांचे लेख इंग्लंडमधील मुद्रणविषयक वार्षिकांत प्रसिद्ध होत होते. ते सत्यजित राय यांचे आजोबा. भारतीय चित्रपटाच्या दोन मोठ्या घराण्यांचा उगम अशा रीतीने ब्लॉकच्या कारखान्यात सापडतो, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

गोध्रा, प्लेग आणि प्रोफेसर केल्फा

विद्या हाती आली, तरी पोट भरण्याची सोय झाली नाही. ब्लॉक करून घेणारे ग्राहक मोजके होते. १८९५ मध्ये फाळके यांनी व्यवसाय म्हणून छायाचित्रण करण्याचे ठरविले आणि ते गोध्र्याला गेले. तेथे स्टुडिओचा जम बसतो न बसतो तोच प्लेगची साथ आली. त्या साथीत १९०० साली त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावले. इतरांचे चेहरे काचेवर टिकवून ठेवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घर असे रिकामे झाले.

फाळके बडोद्याला परतले. पुन्हा स्टुडिओ थाटला. तेथे वेगळीच अडचण उभी राहिली. छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती शोषली जाते आणि आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरली होती. लोक कॅमेऱ्यासमोर बसायला तयार होईनात. धंदा बसला. मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. एका व्यवसायातून दुसऱ्या व्यवसायात जाणे हा वरवर पाहता धरसोडपणा वाटतो. परंतु पुढे पडद्यावर हनुमानाला उडविताना आणि देवांना अंतर्धान पावविताना यांतील एकही विद्या वाया गेली नाही.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या करंदीकर घराण्यातील गिरिजा या सासरी सरस्वती झाल्या. फाळक्यांच्या पुढील सर्व उद्योगांत त्यांचा वाटा इतका मोठा आहे, की त्यांना वगळून हे चरित्र सांगताच येत नाही.

लोणावळ्याचा छापखाना

१९०३ साली फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. सरकारी पगाराची शाश्वती होती. तरीही तीन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला. तो काळ स्वदेशीचा होता आणि स्वतःच्या हिमतीवर भारतीय उद्योग उभा करण्याची ईर्षा अनेक तरुणांप्रमाणे त्यांच्याही मनात होती. लोणावळ्याला त्यांनी 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' सुरू केले. रा. गो. भांडारकर त्यात भागीदार होते.

लोणावळा निवडण्यामागे कारण होते. जवळच मळवलीला राजा रविवर्मा यांनी स्थापन केलेला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांच्याकडे गेलेला चित्रांचा छापखाना होता. घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तेथे दगडांवरून छापल्या जात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. फाळके या छापखान्यासाठी फोटो-लिथोचे ट्रान्सफर तयार करून देत. जिलेटिनच्या कागदावर छायाचित्राच्या पद्धतीने प्रतिमा उतरवायची, तिला तेलकट शाई लावायची आणि ती दगडावर दाबून उठवायची, असे ते काम होते. पुढे हाफटोन ब्लॉक आणि तीनरंगी छपाईही त्यांनी हाती घेतली.

तीनरंगी छपाईचे गमक असे, की तिचा पाया काळा-पांढराच असतो. एकाच चित्राच्या तीन वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून तीन निगेटिव्ह काढल्या जातात. त्या तिन्ही रंगहीन असतात. त्यांवरून केलेल्या ब्लॉकना पिवळी, तांबडी आणि निळी शाई लावून ते एकावर एक अचूक छापले, की रंगीत चित्र उमटते. केसभर सरकले, तरी चित्राच्या कडेला रंगाची झालर दिसू लागते. रंगीत चित्र म्हणजे तीन काळ्या-पांढऱ्या चित्रांची बेरीज, हे ज्याला उमजले त्याची नजर वेगळी होते. समोर रंगीत वस्तू असली, तरी तिच्यातील उजेड आणि काळोख तो आधी पाहतो.

छापखाना पुढे मुंबईत दादरला आला. १९०८ साली भांडारकरांच्या जागी पुरुषोत्तम मावजी हे कलाप्रेमी धनिक भागीदार झाले आणि छापखान्याचे नाव 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असे झाले. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. कामाचा दर्जा आणि नाव दोन्ही वाढले. परंतु छापखाना कसा चालवावा, यावरून भागीदारांशी त्यांचे मतभेद झाले. आपल्या हातांनी उभा केलेला कारखाना सोडून ते बाहेर पडले. बाहेर पडताना त्यांनी आर्थिक मोबदला घेतला नाही. दुसऱ्या छापखान्यांकडून बोलावणी आली, तीही त्यांनी स्वीकारली नाहीत. वय चाळिशीचे, पदरी संसार आणि हाताला काम नाही, अशा अवस्थेत त्यांचे मुद्रणपर्व संपले.

हलणारी चित्रे

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी मुलासोबत प्राण्यांचा एक चित्रपट पाहिला. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या निमित्ताने तेथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट दाखविण्यात आला. तो पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहू लागले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्यानंतर ते झपाटल्यासारखे चित्रपट पाहू लागले. मिळेल ते साहित्य वाचू लागले, रात्री जागून भिंगे आणि मेणबत्त्यांचे प्रयोग करू लागले. या अतिश्रमांचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. प्रकाश आणि छाया हेच ज्याचे भांडवल, त्याच्यावर कोसळलेला हा आघात केवढा असेल, याची कल्पनाच केलेली बरी. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि एकाहून अधिक चष्म्यांच्या साहाय्याने ती दृष्टी परत आली.

विमा पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढण्याचे ठरले. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून रोपाच्या वाढीची टप्प्याटप्प्याने चित्रे घेतली आणि अंकुर डोळ्यांदेखत वाढतो आहे असा छोटा चित्रपट तयार केला. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी असलेले मित्र यशवंतराव नाडकर्णी यांना तो पाहून विश्वास वाटला. फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनी त्यांना आरंभी या धंद्यातील धोके सांगितले. परंतु पाहुण्याचा निर्धार पाहून त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत त्यांची सोय लावून दिली. विल्यम्सन कॅमेरा घेऊन आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून फाळके एप्रिलमध्ये परतले.

पुढील घडामोडी चित्रपटाच्या इतिहासात पुरेशा नोंदल्या गेल्या आहेत. 'राजा हरिश्चंद्र'साठी ६ महिने २७ दिवस काम चालले. दादरच्या बंगल्यात स्टुडिओ उभा राहिला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. स्त्री कलाकार मिळेना म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. घरी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. रात्री फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालविणे, उन्हाचा उजेड परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे, हीही त्यांचीच कामे. ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रेक्षकांपुढे आला.

या यशाकडे ब्लॉकच्या कारागिराच्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. कुंकू आणि लाल शालू पडद्यावर काळे पडत, तर निळे आकाश पांढरे होऊन जाई. स्टुडिओत विजेचे दिवे नव्हते. सूर्य हाच दिवा. अशा वेळी कोणता रंग पडद्यावर कसा उतरेल, याचा अंदाज ज्याला आधी बांधता येईल त्याचेच चित्र स्पष्ट दिसणार होते. तो अंदाज फाळक्यांनी वीस वर्षे आम्ल, जाळी आणि निगेटिव्ह यांच्या संगतीत कमावला होता. कॅमेरा त्यांनी लंडनहून आणला. नजर बडोदे, रतलाम आणि लोणावळा येथूनच आणलेली होती.

कीर्ती आणि विस्मरण

'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८), 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांनी फाळक्यांचे नाव घराघरात पोहोचविले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. परंतु छापखान्याचाच इतिहास येथे पुन्हा घडला. भागीदारांशी न पटल्याने फाळके कंपनी सोडून काशीला जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. त्यांनी पुन्हा चित्रपटाकडे वळावे, म्हणून आग्रह धरणाऱ्यांत 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकर होते. नागपूरच्या वाचकांना ते 'देशसेवक'मुळे आधीपासून परिचित होते. फाळके परतले, कंपनीसाठी त्यांनी आणखी अनेक चित्रपट केले. मात्र पहिले दिवस परत आले नाहीत. १९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि मुक्या चित्रांचा हा जादूगार मागे पडला. 'सेतुबंधन' (१९३२) नंतर कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा चित्रपट हा मोठा धंदा झाला होता आणि त्या धंद्याला त्याच्या जनकाचा बव्हंशी विसर पडला होता.

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. चित्रपटांपैकी फार थोडे हाती लागले. 'राजा हरिश्चंद्र'चेही काही भागच आज उपलब्ध आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जे वाचविले त्यावरूनच पुढील पिढ्यांना फाळके कळतात. त्यांनी केलेल्या ब्लॉकची तर गणतीच नाही. चित्राखाली चित्रकाराचे नाव छापण्याची रीत आहे. ते चित्र कागदावर उतरविणाऱ्या ब्लॉकमेकरचे नाव छापण्याची रीत नाही. छपाई संपली, की पत्रे वितळविले जात आणि कारागिराचे काम त्यासोबत नाहीसे होई.

टपाल खात्याने १९७१ मध्ये फाळक्यांच्या चित्राचे तिकीट काढले. लक्षावधी पाकिटांवर चिकटलेला तो चेहरा शाईच्या सूक्ष्म कणांनीच घडलेला होता. आज संगणकात 'हाफटोन' नावाचा एक परिणाम हौसेने निवडला जातो. जुन्या वर्तमानपत्राची गंमत आणण्यासाठी छायाचित्रावर मुद्दाम ठिपके उठविले जातात. ज्या ठिपक्यांसाठी एका पिढीने हात भाजून घेतले आणि डोळे शिणविले, ते आता शोभेचे झाले आहेत. त्यात वावगे काही नाही. प्रत्येक विद्येचा प्रवास कष्टाकडून सोयीकडे होतच असतो. मात्र पट्टी सरकविताना एक निर्णय अजूनही माणसालाच घ्यावा लागतो. कोणती सावली ठेवायची आणि कोणती सोडायची, म्हणजे चेहरा ओळखीचा राहील, हे यंत्र सांगत नाही. तो निर्णय आयुष्यभर घेत राहिलेला माणूस म्हणूनही दादासाहेब फाळके यांचे स्मरण व्हायला हवे.